व्याह्यांची नऊ इंची भिंत

मुक्काम बारामती
(तुमच्याच घरी, मागच्या अंगणात, पेरूखाली खुर्ची टाकून)

आदरणीय व्याहीसाहेब श्री. बाजीरावसाहेब यांना लासुर्ण्याच्या कुंडलिक मास्तरचा मनापासून जयभीम.

आपण, सौ. संजीवनी विहीणबाई, आमचे जावई रविंद्रराव, चि. अंजली आणि आपला नातू (जो आमचाही आहे, पण आधी आपला) असे सर्वजण पुण्यात खुशाल असाल. बाळाला दात येत असल्यामुळे तो रात्रभर कुणाला झोपू देत नाही असं अंजलीनं कळवलं. दात येताना असं व्हायचंच, काळजी नसावी. आपल्या गुडघ्याला पुण्याची हवा मानवली असेल. लिफ्ट बंद असेल तर जिना चढू नये, खाली बाकावर बसून राहावं, लिफ्ट आज ना उद्या सुरू होते. आम्हा दोघांची प्रकृती उत्तम आहे. माझ्या डाव्या अंगठ्याला किरकोळ लागलंय, ते कशानं लागलं हे ओघात येईलच.

झाडं छान आहेत. हे वाक्य मी मुद्दाम सुटं लिहिलं आहे. किल्ली देताना आपण "मास्तर, झाडांना तेवढं पाणी घाला" एवढीच कामगिरी आमच्यावर सोपवली होती, आणि त्यात तिळमात्र कसूर झालेली नाही. शेवंती फुलली आहे, कढीपत्ता कमरेपर्यंत आला आहे आणि पेरूला फळ धरलं आहे. पुढे या पत्रात जे काही वाचाल ते वाचताना कृपया झाडं डोळ्यासमोर ठेवावीत.

आता फोन असताना हा माणूस पत्र का लिहितो, असं आपल्याला वाटलं असेल. फोन केला असता. मागच्या आठवड्यात केलाही होता. पण आपण दर वेळी "दाखवा बरं जरा अंगण" असं म्हणून व्हिडिओ लावायला सांगता, आणि मग मला मोबाईल असा धरावा लागतो की शेवंती दिसेल पण तिच्या मागचं काही दिसणार नाही. गेल्या खेपेला मी एकाच कुंडीभोवती फिरत होतो. आपण म्हणालात, "मास्तर, अहो दुसऱ्या कुंड्या गेल्या कुठं?" तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. म्हणून पत्र. (आमच्या वरकुट्याच्या पाहुण्यांचा ऋषिराज पेरूचा टेम्पो घेऊन पुण्याला मार्केट यार्डात निघाला आहे, त्याच्याजवळ देतो आहे. सोबत पेरूची पेटी आहे. पेरू आधी खावेत, पत्र सावकाश वाचावं.)

मी आयुष्यभर कार्यानुभव शिकवला हे आपण जाणताच. लग्नाच्या बैठकीत आपण विचारलं होतं, "विषय कोणता मास्तरांचा?" मी "कार्यानुभव" म्हणालो, आपण "असं का," म्हणालात आणि पाण्याचा पेला उचललात. आपलं बरोबरच होतं. ज्या माणसाचा जन्म पाटबंधारे खात्यात गेला, ज्यानं कालव्याचे दरवाजे बसवले, त्याला घोटीव कागदाचे पंखे आणि आईस्क्रीमच्या काड्यांच्या पेनस्टँडचं काय कौतुक असणार? पण साहेब, हातानं काहीतरी करायची ज्याला सवय लागली, त्याला बिघडलेली वस्तू समोर दिसली की बसवत नाही. अंजलीची आई याला रोग म्हणते. मी त्याला आवड म्हणतो. मागच्या महिनाभरात जे घडलं त्यानंतर आमच्यात कोण बरोबर याचा मी पुन्हा विचार करतो आहे.

सुरुवात वायसरपासून झाली. मागच्या अंगणातला नळ गळत होता. फार नाही, आपला एक थेंब, मग थोड्या वेळानं दुसरा थेंब. मी शेवंतीला पाणी घालत होतो आणि माझ्या कानात तो थेंब पडत होता. दुसऱ्या दिवशी येताना लासुर्ण्याच्या दुकानातून वायसर आणला, नळ उघडला, जुना वायसर काढला (पार चपटा झाला होता), नवा बसवला, पांढरी टेप गुंडाळली, नळ घट्ट केला आणि थांबलो. थेंब नाही. हात लावून बघितला, कोरडा. साहेब, आपल्याला मोठमोठे दरवाजे बंद करायची सवय, पण एक गळका नळ बंद झाला की माणसाला किती बरं वाटतं हे सांगता येत नाही. मी अंजलीच्या आईला हाक मारून तो कोरडा नळ दाखवला. ती म्हणाली, "बरं झालं, आता घरला चला." तेव्हाच गेलो असतो तर हे पत्र इथं संपलं असतं.

पण मग गेट करकरत होतं, त्याला तेल दिलं. कपडे वाळत घालायची तार मधे झोपली होती, ती ताणली. गच्चीच्या दाराची कडी वर होत नव्हती, ती कानशीनं घासून नीट केली. (या तिन्ही गोष्टी आजही उत्तम चालू आहेत. येऊन तपासाव्यात. म्हणजे सावकाश आल्यावर.) अंगात एक प्रकारचा हुरूप आला होता. त्यात लासुर्णे ते बारामती अशा खेपा करून आम्ही दोघंही कंटाळलो होतो, आणि आपल्याकडे झाडंही पुष्कळ. तेव्हा मनात आलं, आमच्या उसाच्या ठिबकच्या नळ्या उरलेल्या पडून आहेत, त्याच इथं लावल्या तर? प्रत्येक कुंडीत एक एक नळी, नळ जरासा सोडला की सगळ्या झाडांना थेंब थेंब पाणी. आपणही खूश, झाडंही खूश, एस.टी.त उभं राहायची कटकटही संपली.

लावल्या. दिवसभर मांडी घालून बसलो, नळ्या कापल्या, जोडल्या, कुंड्यांच्या मागून अशा फिरवल्या की दिसायलाही नकोत. नळ सोडला. आधी काहीच झालं नाही. मग पहिल्या कुंडीत एक थेंब आला, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या, आणि बघता बघता सगळं अंगण टपटपायला लागलं. मी पेरूखाली बसून ते बघत राहिलो. अंजलीच्या आईनं न मागता चहा आणून दिला. आमच्याकडे हे फार मोठं प्रशस्तिपत्रक समजलं जातं.

गडबड इतकीच झाली की आपली टाकी उंचावर, पाण्याला जोर फार, आणि नळापाशी जिथं मी नळी जोडली तो जोड सारखा निसटायचा. मी तो पान्यानं आवळला. पुन्हा निसटला. पुन्हा आवळला, जरा जास्त. तेव्हा भिंतीच्या आतून 'कट्' असा आवाज आला.

साहेब, आपल्याला माहीत आहे, मला माहीत नव्हतं, की तो नळ भिंतीतून वरून खाली येणाऱ्या पाइपवर आहे आणि नळाच्या हातभर वर आत कुठंतरी एल्बो, म्हणजे पाइपाचा कोपऱ्याचा जोड, आहे. होता, असं म्हणतो. दुसऱ्या मिनिटाला आतून अंजलीच्या आईची हाक आली, "अवो, हितं भितीतनं पानी यायलंय!" मी धावत आत गेलो. ओट्याच्या वर, दोन फरश्यांच्या सांध्यातून, झरा फुटावा तसं पाणी येत होतं. मी गच्चीवर पळालो आणि टाकीचा कॉक बंद केला. तो न्हाणीघराचा निघाला. मग दुसरा बंद केला. तो कशाचा आहे हे मला अजून कळलेलं नाही, पण तो बंद केल्यापासून काहीही बंद पडलेलं नाही. शेवटी सगळेच बंद केले.

इथं शहाण्या माणसानं गवंडी बोलावला असता. मीही निघालो होतो. पण बारामतीत असा कोणता गवंडी आहे जो आपल्याला ओळखत नाही? कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर दोघे उभे होते, मी नुसता चौकशीला गेलो, तर एक म्हणाला, "कुणाचं घर? बाजीरावसायबांचं? सायबांनी हात लावू दिला व्हय भितीला?" आणि दुसरा खिशातून मोबाईल काढायला लागला. मी चहाही न घेता परतलो. मला त्या क्षणी आपण दिसत नव्हतात साहेब, मला अंजली दिसत होती. तिच्या सासरच्या घराची भिंत तिच्या बापानं फोडली, हे तिला एखाद्या गवंड्याच्या फोनवरून कळावं का? तेव्हा मी ठरवलं, एल्बो आपणच बदलायचा, वर प्लास्टर करायचं, रंग लावायचा आणि गप्प बसायचं. (गप्प बसणं मला जमत नाही हे आता आपल्या लक्षात आलंच असेल.)

छिन्नी-हातोडा घेऊन बाहेरून सुरुवात केली. पहिल्याच तासात अंगठ्याचा प्रकार घडला. एल्बो काही दिसेना. जरा वर फोडलं, पाइप दिसला. जरा बाजूला फोडलं, पाइप गेला कुठं तेच कळेना. आपण अभिमानानं सांगायचात ना, "मागची भिंत नऊ इंची आहे मास्तर, तोफ लावली तरी पडणार नाही"? तोफेचं मला माहीत नाही. मी अंदाजानं एक घाव जरा जोरात घातला, छिन्नी एकदम सैल झाली, पलीकडे ओट्यावर काहीतरी पडून फुटल्याचा आवाज झाला (दोन फरश्या, आणि एक बरणी, बरणी रिकामी होती), आणि माझा हात कोपरापर्यंत भिंतीत गेला. मग अंजलीच्या आईचा आवाज आला, अगदी जवळून:

"अवो, ह्यो हात तुमचाच न्हवं?"

"माझाच."

"मग चहा तितनंच देऊ का दारातनं येताय?"

मी हात काढून घेतला आणि त्या भोकातून आत बघितलं. तीही बघत होती. इतक्या वर्षांच्या संसारात आम्ही एकमेकांकडे इतक्या लक्षपूर्वक कधी बघितलं नसेल. मी हसलो नाही. तीही हसली नाही. पण तिच्या हातातल्या पातेल्यावर ऊन पडलं होतं, आणि ती त्या उन्हाकडे बघून म्हणाली, "हितं उजेड किती आला, बघा की."

एल्बो मात्र सापडला. तो बदललाच, शिवाय पाइप आता भिंतीच्या बाहेरून एका कडेनं घेतला आहे, पट्ट्या मारून. टाकी सुरू केली, रात्रभर पाणी चालू ठेवलं, सकाळी कोरड्या फडक्यानं प्रत्येक जोड पुसून बघितला. एक थेंब नाही. हा पाइप आपण डोळे झाकून वापरावा. राहिलं भोक. ते साधारण ताटाएवढं होतं. विटा आणल्या, वाळू चाळली, सिमेंट कालवायला घमेलं काढलं. भोक दुसऱ्या दिवशी सकाळी बुजवायचं असं नक्की झालं.

दुसऱ्या दिवशी काही अपरिहार्य कारणामुळे ते परातीएवढं झालं.

आणि त्यानंतर एक दिवस सोडून, तशाच अपरिहार्य कारणामुळे, ते साधारणपणे खिडकीएवढं झालं. म्हणजे खालून ओट्यापर्यंत आणि वरून माझा हात पुरेल तिथपर्यंत. कारणं काय ती विचारू नयेत, मी शब्दात अडकलो आहे. पण भोक जेव्हा खिडकीएवढं झालं, तेव्हा माझ्या मनानं असं घेतलं की याला खिडकीच का बसवू नये? आमच्या लासुर्ण्याच्या घराला वरचा मजला चढवला तेव्हा काढलेली सागवानी खिडकी गोठ्यात पडून होती. ती आणली. साहेब, या एका कामाबद्दल मी कुणाचीही क्षमा मागणार नाही. तिच्यावर रंगाचे किती थर होते देव जाणे. हिरवा, त्याखाली निळा, त्याखाली पुन्हा हिरवा. ते सगळे खरवडले, आधी जाड मग बारीक पॉलिश पेपर मारला, भोकांत लाकडाचा भुसा आणि फेव्हिकॉल भरला, जवसाचं तेल पाजलं. तिसऱ्या हाताला सागाची नक्षी जी वर आली, ती बघून आम्ही दोघं जेवायचं विसरलो. नव्या काचा बसवल्या. बिजागऱ्या अशा फिरतात की बोटानं ढकलली तरी खिडकी उघडते आणि आवाज नाही. खिडकी उत्तम झाली आहे. फक्त ती पेरूला टेकवून ठेवली आहे, भिंतीत नाही.

कारण मधेच भिंतीला चीर पडली.

मी चौकट घालून बघत होतो तेव्हा दिसली. भोकाच्या वरच्या कोपऱ्यातून निघून स्लॅबकडे तिरकी जाणारी, केसासारखी. आधी वाटलं केसच आहे. फुंकर मारली, हलली नाही. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. भिंत स्लॅबचा भार घेते की नुसती आडोशाला आहे, हे मला सांगता येत नाही. आपल्याला विचारावं तर कळणार. रविंद्ररावांना विचारावं तर ते आपल्याला विचारणार. मी ठोकून बघितलं, आवाज भरीव आला, पण माझ्या छातीचाही आवाज तसाच येत होता. मग शाळेतली एक युक्ती आठवली, चिरेवर घोटीव कागदाची पट्टी चिकटवून ठेवायची, चीर वाढली तर कागद फाटतो. लाल पट्टी लावली आहे. तिच्यासमोर खुर्ची टाकून मी बसतो. अंजलीची आई म्हणते, "भितीला नजर लागंल तुमची." कालपर्यंत कागद फाटलेला नाही. आज सकाळी एका बाजूनं सुटल्यासारखा वाटला, पण ते खळ पातळ झाली म्हणून असावं असं मी स्वतःला सांगितलं आहे.

शिवाय खबरदारी म्हणून वरच्या विटांना खालून आधार दिला आहे. एक जाड फळी आणि तिच्याखाली जॅक. जॅक आपल्या शेजारच्या आबांच्या ट्रॅक्टरचा आहे. होय, तेच आबा. ट्रॉली आपल्या गेटसमोर लावण्यावरून आपलं आणि त्यांचं बोलणं बंद आहे हे मला ठाऊक आहे. पण ते कंपाउंडवरून वाकून त्या भोकाकडे बघत होते, "मास्तर, ह्ये काय चाललंय?" मी म्हणालो, "जरा हवा यावी म्हणून." ते आणखी वाकले आणि म्हणाले, "हवा लई यील अशानं. जॅक लावा आदी." आणि आत जाऊन स्वतः घेऊन आले. आता माणसानं जॅक दिल्यावर त्यांची ट्रॉली गेटसमोरून काढा असं मी कोणत्या तोंडानं सांगू? तेव्हा ट्रॉली सध्या गेटसमोर आहे. येताना दिसेल. म्हणजे आपण सावकाश आलात तर तोपर्यंत ती कारखान्याकडे गेलेलीही असेल.

आणि हेच सांगण्यासाठी हे पत्र आहे, की आपण घाई करू नये. नातू लहान आहे, त्याला आजोबांची सवय लागते आहे, अशा वेळी सवय मोडू नये. शिवाय इकडे डास फार झाले आहेत. पाणीही एक दिवसाआड येतं आहे. आपलं घर सुरक्षित आहे (वरील बाब सोडून). झाडांबद्दल मी आधीच लिहिलं आहे.

एक विनंती मात्र हात जोडून करतो. राग आला तर माझ्यावर काढावा, मी लासुर्ण्याहून येऊन समोर बसेन, आपण बोलाल ते ऐकेन. पण अंजलीला एका शब्दानं बोलू नये. तिला यातलं काही माहीत नाही. ती लहानपणापासून माझ्या हातात हातोडा दिसला की शेजारी खेळायला जायची.

विहीणबाईंना नमस्कार, रविंद्ररावांना आशीर्वाद, बाळाला पापा.

आपला नम्र,
कुंडलिक मास्तर

ता. क. – पत्र लिहून झाल्यावर अंजलीच्या आईला वाचून दाखवलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "त्ये अपरिहार्य का काय ते, त्ये खरं लिवा. ताईंनी सांगू नका म्हणून घातलेली शपथ मी बघून घेते." तेव्हा लिहितो. भोक ताटाएवढं होतं त्या संध्याकाळी विहीणबाईंचा फोन आला होता. बायकांचं बोलणं चाललं होतं आणि आमच्या बाईंच्या पोटात काही राहत नाही. मला वाटलं आता संपलं. पण मग विहीणबाईंनी हळूच विचारलं, "भोक केवढं आहे?" ही म्हणाली, "ताटाएवढं." (बाळाचा आवाज येत होता.) आणि मग त्या म्हणाल्या, "मास्तरांना म्हणावं बुजवू नका. परातीएवढं करा."

मला वाटलं थट्टा करतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. "झालं का परातीएवढं? त्यातनं पेरू दिसतो का?" ही वाकून म्हणाली, "फांदी दिसतीया." "मग अजून खाली घ्या. ओट्यापर्यंत." साहेब, मी तरीही थांबलो होतो. मीच फोन हातात घेतला आणि म्हणालो, साहेबांना विचारून करूया. तेव्हा त्या म्हणाल्या की घर बांधत होतो तेव्हाच खिडकीचं विचारलं होतं, साहेब म्हणाले नकाशा मंजूर झालाय, आता बदल नाही. मग त्यांनी पुन्हा विचारलं नाही. त्या रागावून बोलत नव्हत्या. हसतच म्हणाल्या, "इतकी वर्षं भाकरी थापताना भिंतीशीच बोलले की हो मास्तर. आता जरा पेरूशी बोलते." मी छिन्नी उचलली. मी आपला अपराधी आहेच, पण तिथून पुढच्या विटांचा हिशेब आपण घरातच करावा.

ता. क. २ – वर लिहिलेलं "घाई करू नये" हे कृपया रद्द समजावं. आत्ताच आबा कंपाउंडवरून सांगून गेले की उसाची तोड त्यांच्या रानात आली, ट्रॉली भरायला लागणार, तेव्हा जॅक न्यावा लागेल. मी विचारलं, "नेल्यावर वरच्या विटा राहतील का हो?" ते म्हणाले, "ते सायबांना इचारा." म्हणून खरं तेच लिहितो. आपण या. जमलं तर उद्याच. चीर कशाची आहे ते बघा, वर लिंटेलची तुळई कशी घालायची ते सांगा, मी सिमेंट कालवीन, विटा देईन, आपण बोट दाखवाल तिथं उभा राहीन. आणि खिडकीची चौकट आपण स्वतःच्या हातानं बसवा. मी बसवली तर बसेल, पण सरळ बसेलच याची खात्री नाही, आणि सरळ बसली तरी ती मास्तरनं बसवलेली खिडकी राहील. विहीणबाईंनी ती माझ्याकडे मागितलेली नव्हती. त्यांनी ती तुमच्याकडे मागितली होती.

हे जास्त झालं असेल तर खोडून वाचावं.

(यापुढचं अक्षर अंजलीच्या आईचं आहे. पाकीट बंद करत होतो, तिनं पेन ओढून घेतलं.)

भाऊ, जयभीम. ह्यांनी लई लांबड लावलीया, तुमी ध्यान देऊ नका. मी मगाशी ताईंना फोन केला. त्यांनी बॅग भरलीया. ऋषिराजचा टेम्पो पेरू उतरवून मोकळाच परत येणार हाय, त्यात पुढच्या शिटावर बसून ताई येत्यात. खिडकी बघितल्याबिगर आता जेवण गोड लागत न्हाय म्हनल्या. बाळाकडं अंजली हाय, तिनं सुट्टी काढली. तिला सगळं ठाव हाय, ह्यांनाच ठाव न्हाय की तिला ठाव हाय. ती हसत हुती. ऋषिराज म्हनतो पुढं अजून एका माणसाची जागा हाय, जरा दाटीनं बसावं लागंल. तुमाला यायचं तर लगीच आटपा. न्हायतर आमी दोघी बसवतो खिडकी.

सरुबाई